सत्तावीस नंबरचा डावा जबडा

९ जानेवारी

प्रिय आत्या,

मायन्यात दोन ओळी घालवल्या की तू पत्र मिटून बाजूला ठेवतेस, असं बाबांनी बजावलंय. म्हणून सरळ मुद्द्यावर येते. फोनच करणार होते, पण मागच्या वेळी मी दहा मिनिटं बोलले, तू दर वाक्याला 'हो, हो' केलंस आणि शेवटी विचारलंस, कोण बोलतंय? तेव्हा कानाला खडा. तुझ्याशी आता कागदावरच.

बातमी अशी की मला तुझ्या जुन्या खात्यात नोकरी लागली. धान्य गोदामांची कीड-तपासणी, दुसरा मजला, जिन्याजवळची खोली. टेबलसुद्धा तुझंच, खिडकीखालचं. उजव्या कडेला शाईचे डाग आहेत, ते मी पुसू दिले नाहीत. पदाचं नाव छायाचित्रकार. तू निवृत्त झाल्यापासून आठ वर्षं ही खोली बंदच होती म्हणे.

आता खरं सांगायचं ते सांगते, आणि तू रागावशील म्हणून चार दिवस हे पत्र टाळत होते. तुझा छत्तीस किडींचा तक्ता आहे ना, प्रत्येक गोदामाच्या भिंतीवर लागलेला, तो आता नवा छापायचाय. चित्रांऐवजी फोटो. ते काम माझ्याकडे आलंय. लहानपणी तुझ्या मांडीवर बसून मी त्या तक्त्यावर बोट ठेवून एक ते छत्तीस मोजायला शिकले, आणि आता मीच तो उतरवणार. कसंतरीच वाटतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात छपाई आहे. कॅमेरा आहे, पण जवळून फोटो काढायची लेन्स नाही. साहेबांनी एकच मंजूर केली आहे आणि खरेदीवाले म्हणतात, एकदा मागवली की बदलून मिळणार नाही. तीन लेन्सवर मन अडकलंय. एक साठ मिलिमीटरची, आटोपशीर. दुसरी शंभरची. तिसरी जरा विचित्रच, किड्याला पाचपट मोठा करून दाखवते, पण तिला फोकसची कडीच नाही. दुकानदार तिसरीची फार तारीफ करतो. खात्यात कोणाला यातलं ओ की ठो कळत नाही. हे किडे तुझ्याइतके जवळून कोणीच पाहिलेले नाहीत, म्हणून तुलाच विचारते. कुठली घेऊ?

तुझी,
मुंगी

१७ जानेवारी

मुंगे,

रागवायला मी काय तक्त्याची मालकीण आहे? चोवीस वर्षं भिंतीवर लटकला, पुष्कळ झालं. माणसं तेवढी टिकत नाहीत. आणि बाबाला सांग, मायना लांबला म्हणून मी पत्र मिटत नाही. त्याच्या पत्रात मायन्यानंतर काही नसतं म्हणून मिटते.

खात्याचा कॅमेरा पंधरा वर्षं माझ्याच गळ्यात होता, तेव्हा अगदीच उंटावरून शेळ्या हाकते आहे असं समजू नकोस. साठची घेऊ नको. जिवंत फुलपाखरामागे धावायचं नाहीये, आपले किडे मेलेले, टाचणीला टोचलेले, ते पळणार नाहीत हे खरं. पण साठची लेन्स इतकी जवळ न्यावी लागते की तिची स्वतःचीच सावली किड्यावर पडते. मग दिवा कुठून घालशील? शंभरची घे. किडा आणि लेन्सच्या मध्ये मूठभर जागा राहते, दोन्ही बाजूंनी उजेड घालता येतो. एक लक्षात ठेव, माहितीपत्रकात जे 'किमान अंतर' छापतात ते लेन्सच्या तोंडापासून नसतं, कॅमेऱ्याच्या पोटापासून मोजलेलं असतं. भलेभले त्यात फसतात.

ती पाचपटीची अजिबात नको. तिने दुसरं काहीच काढता येत नाही, समोरची भिंतसुद्धा नाही. कॅमेरा पुढेमागे सरकवत फोकस शोधायचा, आणि सापडला तरी पापणीच्या केसाएवढी जाडी स्पष्ट, बाकी सगळं धुकं. एका किड्याचे चाळीस-चाळीस फोटो काढून एकावर एक बसवायचे. एप्रिलपर्यंत तुझे छत्तीस काय, सहा व्हायचे नाहीत. गोदामातल्या माणसाला किड्याच्या मिशा मोजायच्या नसतात. एकास एक पुरे. जेवढा किडा, तेवढी आतली प्रतिमा, मग छापताना मोठी करा.

आणि एक. सत्तावीस नंबरचा तो तपकिरी, दाणे पोखरणारा, त्याचं तेवढं माझं चित्रच राहू दे. साहेबांना सांग, म्हातारीची आठवण म्हणून. तो माझा लाडका आहे.

तुझी आत्या

२६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझे किती आभार मानू? शंभरची आली! खरेदीवाल्यांना तीन आठवडे लागले, तोवर मी त्यांच्या दारात इतक्या वेळा उभी राहिले की शिपाई मला खुर्ची आणून द्यायला लागला.

पहिल्या दिवशी फजिती झाली, ती सांगते. पत्रकात 'किमान अंतर तीस सेंटीमीटर' वाचलं आणि लेन्सच्या तोंडापासून पट्टीने तीस मोजून किडा ठेवला. दोन दिवस फोटोत किडा इवलासा. नग खराब आला म्हणून खरेदीवाल्यांकडे तक्रारही लिहून टाकली. मग संध्याकाळी तुझं पत्र पुन्हा वाचलं. तू स्वच्छ लिहिलं होतंस, आणि मी ती ओळ वाचून मान डोलावली होती. तक्रार परत घ्यायला गेले तेव्हा सगळे माझ्याकडे बघून गालात हसत होते. भलेभले फसतात म्हणालीस, त्यात माझीही वर्णी लागली.

पण त्यानंतर काय सांगू! मूठभर जागा, दोन बाजूंना दोन दिवे, दिव्यांसमोर पातळ कागद, आणि सगळं कसं उजळून निघालं. पिठातल्या लाल किड्याच्या पाठीवरच्या रेघा अशा आल्यात की साहेब, जे कधी कशाला चांगलं म्हणत नाहीत, ते बराच वेळ बघत राहिले. साठची घेतली असती तर रडत बसले असते, आणि पाचपटीची घेतली असती तर अजून फोकसच शोधत असते. रोज दिवा लावताना तुझी आठवण येते. आई म्हणते, एवढी कृतज्ञता तू माझ्याबद्दल कधी दाखवली नाहीस. एकोणतीस फोटो झाले. दहा नमुने सोबत पाठवते.

सत्तावीसचं साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, पस्तीस फोटो आणि एक चित्र असं विचित्र दिसेल, फोटोच हवा. मी फार आग्रह केला, पण नाही ऐकलं. माफ कर. मात्र मला एक सुचलंय. बाकी सगळे वरून काढलेत, सत्तावीस तेवढा बाजूने काढू का? बाजूने फार देखणा दिसतो. तुझं मत कळव.

तुझी,
मुंगी

५ मार्च

मुंगे,

फोटो पाहिले. उत्तम आहेत. नऊ नंबरचा उजवा दिवा जरा मागे घे.

सत्तावीस बाजूने का? खरं कारण लिही.

आत्या

१० मार्च

प्रिय आत्या,

खरं कारण म्हणजे, त्याचे पाय. बाजूने सहाही पाय कसे ओळीने दिसतात. शिवाय पाठीचा बाक. शिवाय तक्त्यात थोडा बदल बरा असतो, सगळेच एका साच्याचे कशाला? आणि वरून उजेडाची चमक फार येते. साहेबांनाही हरकत नाही, म्हणजे मी अजून विचारलं नाहीये पण नसेल.

तुझं पत्र फार छोटं होतं. तब्येत बरी आहे ना? का फोटोंचा तक्ता बघून वाईट वाटलं?

तुझी,
मुंगी

१६ मार्च

मुंगे,

चार वर्षांची असताना साखर खाऊन मला सांगायला आली होतीस की डबा आपोआप उघडला. तेव्हाही तू एकाऐवजी चार कारणं दिली होतीस. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. तू त्याचा जबडा पाहिला आहेस.

आणि आता मी माझंही भांडं पुढे ठेवते.

तक्त्यातलं चित्र कसं काढतात ते तुला माहीत नसेल. किडा डाव्या-उजव्या बाजूंनी सारखा असतो, म्हणून आम्ही अर्धाच काढायचो. मध्यावर कागदाला घडी, उजवी बाजू मन लावून काढायची, मग पातळ कागदावर गिरवून तो उलटा करून डावी उठवायची. निम्मे कष्ट वाचतात आणि चित्र तराजूत तोलल्यासारखं येतं. सगळेच असं करतात, त्यात लबाडी काही नाही. सत्तावीसचा नमुना मला पुठ्ठ्यावर चिकटवलेला मिळाला होता, डावी बाजू डिंकात बुडालेली. मी उजवी काढली आणि घडी घातली. दोन्ही जबडे सारखे झाले. तक्ता छापला, सगळीकडे गेला, माझं कौतुक झालं.

वर्षभराने नदीपलीकडच्या मोठ्या गोदामातले काटेवाले खात्यात आले. धान्य तोलायच्या मोठ्या काट्यावर ते एकटेच काम करायचे, म्हणून सगळे त्यांना काटेवालेच म्हणत. कागदाच्या पुडीत जिवंत किडे घेऊन आले होते. म्हणाले, बाई, हा सत्तावीससारखा दिसतो, पण चित्रात दोन्ही जबडे सारखे आहेत, याचा डावा मोठा आहे आणि त्याला दात आहे. म्हणजे हा तो नव्हे ना? मी भिंगातून पाहिलं. तोच होता. एका क्षणात सगळं कळलं. माझं चित्र चुकलं होतं आणि ते प्रत्येक गोदामात लागलं होतं. खोलीत आणखी दोघं बसलेली होती. मी म्हणाले, "नाही, हा तो नव्हे."

एवढंच बोलले. ते निश्चिंत झाले. ते निघताना मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी माझं पितळी भिंग त्यांच्या हातात दिलं, म्हटलं, ठेवा तुमच्याकडे, तुमची नजर चांगली आहे. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं. त्यांनी गोदामाला किडे मारायची धुरी दिली नाही, कारण सत्तावीस नाही म्हणजे धुरी नको, असं मीच सांगितल्यासारखं होतं. दोन महिन्यांनी त्यांच्या गोदामातली एक अख्खी थप्पी पोखरलेली निघाली. तेव्हाच्या साहेबांनी त्यांना बोलावून सगळ्यांसमोर झापलं. मी त्याच खोलीत पेन्सिलीला टोक करत बसले होते. ते माझ्याकडे बघतील म्हणून मी मान वर केली नाही. त्यांनी माझं नावही घेतलं नाही.

तेव्हापासून मी गप्प आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला सांगत राहिले. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा चोराच्या मनात चांदणं, तसं मला झालं. पाचपटीची लेन्स आली तर तो जबडा हाताच्या बोटाएवढा दिसणार. शंभरचीत ठिपका दिसेल, कोणी बघणार नाही. साठ आणि शंभरबद्दल लिहिलं ते सगळं खरं होतं, तुझ्या कामाला शंभरच बरी होती. पण पाचपटीची नको म्हटलं ते तुझ्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. आणि तू आभार मानलेस, ओळीओळीने मानलेस. त्यात तू माझी चूक झाकायला किडा आडवा करायला निघालीस. मी केलं तेच तुला करू देऊ का?

वरून काढ. जबडे दिसले पाहिजेत. साहेबांना हे पत्र वाचून दाखव, माझं नाव तक्त्याच्या इतिहासातून काढायचं तर काढू देत.

लेन्स बदलून मिळणार नाही हे माहीत आहे, म्हणून सोबत पार्सल आहे. माझी जुनी पन्नासची लेन्स. भिंग देऊन टाकल्यावर मी हीच उलटी धरून भिंगासारखी वापरायचे. हिला तुझ्या शंभरच्या तोंडाशी उलटी जोड, तोंडाला तोंड. दोन्हीकडे आटे असलेली कडी कॅमेऱ्याच्या दुकानात मिळेल. दुप्पट मोठं दिसेल. पाचपट नाही, पण जबड्याला पुरेल.

आत्या

२४ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र जिन्यातच उघडलं आणि तिथेच पायरीवर बसून वाचलं. लोक वळसा घालून जात होते.

आधी माझं सांगते. हो, पाहिला होता. फेब्रुवारीतच. फोटो मोठा करून बघताना डावा जबडा जरा निराळा वाटला, म्हटलं नमुना तुटका असेल. पेटीतले नऊच्या नऊ नमुने शेजारच्या खोलीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली घातले. नऊही तसेच. तू त्याला लाडका म्हणालीस म्हणून मला वाटलं, तुला ही चूक ठाऊकच नाही, आणि आता या वयात कळली तर किती लागेल. म्हणून बाजूने. पायांचं सगळं थापच होती. पाय तर तीनच दिसतात.

परवा साहेबांकडे गेले. पत्र मी फार घाईने वाचून दाखवत होते, मग त्यांनीच हातातून घेऊन वाचलं. दोनदा. मी मनात तयारी करून गेले होते की तुझं नाव काढतो म्हणाले तर राजीनामा द्यायचा. निदान तसं म्हणायचं. ते चष्मा काढून म्हणाले, चोवीस वर्षं आपल्या पेटीत नऊ नमुने पडून आहेत आणि एकानेही पेटी उघडून चित्राशी ताडून पाहिलं नाही. बाईंचं चुकलं, पण आम्ही काय करत होतो? मग पत्र घडी करून माझ्या हातात दिलं. शेवटी म्हणाले, त्यांना विचारा, घडी घालून काढलेली आणखी कोणती चित्रं आहेत. आणि छपाई दहा दिवस पुढे ढकलली. माझ्या आठवणीत साहेबांनी पुढे ढकललेली ही पहिली गोष्ट.

तुझी लेन्स पोहोचली. तिच्यावर तुझ्या बोटांनी घासून एका जागी काळा रंग गेलाय, तिथे माझं बोट नेमकं बसतं. कडी मिळाली. मात्र सावली, थरथर, धुकं, सगळंच दुप्पट झालं. रस्त्यावरून मोठी गाडी गेली तरी फोटो हलतो. दुपारी दोन ते तीन सगळे जेवून सुस्तावतात तेव्हा काढते. किडा सरकपट्टीवर ठेवून केसाएवढा पुढे सरकवायचा आणि फोटो, असे बावीस फोटो, मग ते एकावर एक बसवले. आणि आत्या, तो डावा जबडा! आतल्या अंगाला एकच दात आहे, आणि त्याला अशी चकाकी की जणू कोणी रोज घासून ठेवतं. तू म्हणशील, एवढं काय त्यात. पण मी उठून खोलीत एक फेरी मारून आले.

एक मात्र ऐकून घे. लेन्सबद्दल मी मानलेले आभार मी परत घेणार नाही. तू काय मनात ठेवून सल्ला दिलास ते तू सांगितलंस, पण शंभरच्या लेन्सवर पस्तीस फोटो झाले, आणि छत्तिसावा तुझ्याच लेन्समुळे. हे मलाही माहीत असू दे ना.

तुझी,
मुंगी

२ एप्रिल

मुंगे,

साहेबांना सांग, घडीची चित्रं अकरा. नंबर पाच, सहा, नऊ, चौदा, पंधरा, एकोणीस, बावीस, सत्तावीस, तीस, एकतीस, चौतीस. पैकी चौदाच्या मिशांबद्दल मला खात्री नाही, तिथे नीट पाहा. यादी करताना अकरा जागी हात थांबला, पण झाली.

तुझा फोटो भिंतीला टेकवून समोर ठेवला आणि परवा सकाळी जबड्यांचं चित्र काढलं. घडी न घालता. उजवा एक तास, डावा तीन तास. सुनेने दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही गार झाले. हात पूर्वीसारखा राहिलेला नाही, पण मोजमाप बरोबर आहे. फोटोशेजारी छापायला उपयोगी असेल तर घ्या, नसेल तर तुझ्याकडे ठेव.

आता एक काम तुला सांगते आणि ते तूच करायचं आहेस. नवा तक्ता घेऊन नदीपलीकडच्या गोदामात स्वतः जा. काटेवाले आता निवृत्त झाले असतील, पण गोदामाच्या मागच्या वसाहतीत राहायचे, कोणीतरी सांगेल. त्यांना माझ्या नावाने स्पष्ट सांग की त्या दिवशी मी खोटं बोलले, मला माहीत असून बोलले. 'चुकून' हा शब्द वापरू नको. ते जे काही बोलतील ते जसंच्या तसं लिही, गोड करून लिहू नको. मला ते ऐकायचंच आहे, आणि भीतीही फार वाटते आहे.

आत्या

२१ मे

प्रिय आत्या,

दीड महिना लागला, कारण तक्ते शेवटी मे उजाडल्यावर छापून आले. चौदाच्या मिशा बरोबर निघाल्या. अकरापैकी दहा बिनचूक होती, हे साहेबांनी तुला मुद्दाम कळवायला सांगितलंय. सत्तावीसच्या फोटोशेजारी तुझं जबड्यांचं चित्र आहे, खाली तुझं नाव आहे आणि 'जुन्या तक्त्यातील चुकीची दुरुस्ती' असंही आहे. ती ओळ साहेब गाळत होते, मी ठेवायला लावली. तुला तशीच हवी असेल असं वाटलं.

काल नदीपलीकडे गेले. गोदाम केवढं प्रचंड आहे. आत अंधार, थप्प्यांच्या मधून माणूस आडवा होऊनच जाईल एवढ्या वाटा, आणि कपड्यांवर पाच मिनिटांत धुळीचा थर. काट्यावर आता एक तरुण बाई आहेत. काटेवाले काकांना बोलवायला माणूस धाडला तर ते दहा मिनिटांत आलेच. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, कमरेत वाकलेत. तुझं नाव काढल्याबरोबर शर्टाच्या खिशातून भिंग काढून दाखवलं. पितळ पिवळंधमक आहे, रोज पुसत असणार.

मी तुझा निरोप सांगितला. तू म्हणालीस तसाच, एकही शब्द मऊ न करता. खोटं बोलली, माहीत असून बोलली. त्यांनी मान तिरकी करून सगळं ऐकून घेतलं. मग मला हात धरून आत नेलं, काट्यामागच्या भिंतीपाशी. तिथे तुझा जुना तक्ता आहे, कडा खाल्लेल्या, रंग उडालेला. त्यांनी सत्तावीसवर बोट ठेवलं.

आत्या, त्या चित्रात डावा जबडा मोठा आहे. आतल्या अंगाला दात आहे. काळ्या शाईने काढलेला आहे.

थप्पी पोखरलेली निघाली त्याच आठवड्यात त्यांनी तो काढला होता. पोत्यावर बसून तुझ्या भिंगाने किडा बघायचा आणि तक्त्यावर काढायचा, असे तीन दिवस. तेवीस वर्षं या गोदामात सगळे त्या दुरुस्त चित्रावरून किडा ओळखतायत. त्यांनी ते खात्याला का कळवलं नाही, विचारलं. म्हणाले, कळवलं असतं तर बाईंना बोलणी बसली असती, मला बसली तशी. मग मी विचारलं, राग नाही आला? तू जसंच्या तसं लिही म्हणालीस म्हणून शब्दन् शब्द लिहिते. ते म्हणाले, "आला होता. खूप आला होता. वर्षभर त्या इमारतीवरून जातानासुद्धा मी तोंड फिरवायचो. पण पोरी, राग आला की हे भिंग हातात असायचं. मला कोणी कधी कामाची वस्तू दिली नव्हती, पोतीच दिली. बाईंमुळे मी बघायला शिकलो. त्यांना सांग, फार उपकार झाले."

नवा तक्ता लावायला भिंतीवर जागा नव्हती. जुना काढा म्हटलं तर काट्यावरच्या बाई आणि काका दोघंही नाही म्हणाले. शेवटी कपाट सरकवून नवा शेजारी लावला. गाडी चुकली ती वेगळीच गोष्ट.

निघण्यापूर्वी मी एक केलं. शंभरची लेन्स बरोबर होती. त्या शाईच्या जबड्याचा फोटो काढला, एकास एक, तू सांगितलीस तशी मूठभर जागा ठेवून. सोबत पाठवते. रेघेत कागदाचे धागे दिसतात बघ.

तुझी,
मुंगी

३० मे

मुंगे,

तुझं पत्र सुनेने मोठ्याने वाचून दाखवलं, कारण मला पुढचं दिसेना. शेवटी तिनेच चष्मा पुसून दिला.

फोटो माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. चित्रकार म्हणून बघितला. रेघ कच्ची आहे, दोनदा गिरवलेली, एका जागी शाई फुटली आहे. पण मोजमाप पट्टी लावून पाहिलं, तुझ्या फोटोशी, माझ्या आताच्या चित्राशी. दात अगदी जागच्या जागी आहे. मला जे बावीस फोटो आणि दुसरी लेन्स मिळाल्यावर जमलं, ते त्या माणसाने पोत्यावर बसून केलं. आणि माझं नाव खाली तसंच राहू दिलं.

पाचपटीची लेन्स घेऊ नको म्हटलं तेव्हा मी तुझा सल्लागार कमी आणि स्वतःचा वकील जास्त होते. त्यातूनही तू इथवर आलीस, किडा आडवा करून का होईना. तुझे आभार मानते, मुंगे. तुला ऐकायची सवय नाही म्हणून एकदाच लिहिते.

आता तुला पुरे. काटेवाल्यांना पत्र लिहायला बसले आहे. सकाळपासून तिसरा कागद. मजकूर सगळा तयार आहे, अडलंय ते मायन्याशी. जन्मभर दुसऱ्यांच्या मायन्यांना हसले, त्याची ही शिक्षा. 'गुरुजींना नमस्कार' असं घातलं तर त्यांना चालेल का, तेवढं विचारून कळव.

आत्या